मोडलेला खुबा, १२४ तास आणि मधली हद्द

रुग्ण ७४ वर्षांच्या, सिंधुदुर्गात गोव्याच्या हद्दीजवळ असलेल्या बांद्याच्या आसपासच्या गावातल्या. धाकट्या मुलाकडे राहतात, थोरला मुंबईला. रक्तदाब आहे, आणि काही वर्षांपूर्वी छातीत दुखल्यापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. चतुर्थी बुधवारची. आदल्या सोमवारी सकाळी साडेसहाला न्हाणीच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला आणि त्या डाव्या कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली शनिवारी सकाळी साडेदहाला. पडल्यापासून १२४ तासांनी.

या बाई कुठल्या एका घरातल्या नाहीत. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला पट्ट्यात अशा प्रकरणांत जे वारंवार घडतं ते एका रुग्णावर बसवून हे प्रकरण रचलं आहे. तासही तसेच बसवलेले आहेत. वाटेतल्या रुग्णालयांची नावं घातलेली नाहीत, कारण यातला वेळ कुठल्या एका इमारतीने खाल्लेला नाही.

प्रकरण हाताशी घेण्याचं कारण सिंधुदुर्गात नेहमी होणारा वाद. एक म्हणतो गोव्यात लवकर काम होतं, दुसरा म्हणतो तिथे परराज्यातल्याला कोण विचारतो, आपलं ओरोस, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयातलं सरकारी रुग्णालय, बरं. दोघांकडे शेजारच्या कुणाचा तरी दाखला असतो. दोघेही घड्याळ मात्र वेगवेगळ्या ठिकाणी सुरू करतात.

आधी भूगोल. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर आणि क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं ५,२०७ चौरस किलोमीटरवर पसरलेली. गोव्यातलं वैद्यकीय शिक्षण पोर्तुगीज काळातलं, १८४२पासूनचं. बांबोळीचं आजचं गोवा मेडिकल कॉलेज त्याच परंपरेतलं. सिंधुदुर्ग जिल्हाच झाला १९८१ साली आणि त्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं २०२१-२२मध्ये, १०० जागांचं. म्हणजे ‘बांबोळीक व्हरा’ (बांबोळीला न्या) हे तोंडात बसलेलं वाक्य पिढ्यांच्या सवयीचं आहे. बांद्याहून महामार्गाने झाराप-कुडाळ करत ओरोसला गेलं काय किंवा पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी, पणजी करत बांबोळीला गेलं काय, अंतर दोन्हीकडे ढोबळमानाने पन्नास किलोमीटरच्या आसपास पडतं. अंतरावरून निर्णय होत नाही, म्हणूनच हा पट्टा तुलनेला चांगला.

आता १२४ तास कुठे गेले ते.

पहिले २७ तास घरात गेले. बाई पडल्या तेव्हा उठता आलं नाही, दोघांनी धरून खाटेवर ठेवलं. ‘काय होवक नाय, मुको मार आसा’ हे त्या स्वतःच म्हणाल्या. सण तोंडावर, मुंबईची माणसं वाटेत. बाम लावला, शेक दिला, संध्याकाळी एका जाणत्याकडून पाय चोळून घेतला. खुब्याच्या मोडीत चोळणं हा सगळ्यांत वाईट उपाय. हाडाची टोकं आणखी सरकतात आणि आत रक्त साचतं. मंगळवारी सकाळी साडेनऊला प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं.

खरं तर घरच्या घरी ओळखता येण्यासारखी ही मोड आहे. म्हातारं माणूस उभ्या उंचीवरून पडलं, त्यानंतर त्या पायावर उभं राहता येत नाही, उताणं झोपवल्यावर तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलतं. एवढं दिसलं की एक्स-रे होईपर्यंत मोड आहे असंच धरायचं. पण उलटं खरं नाही. हाडाला नुसती चीर असेल तर पाय आखूड दिसत नाही, आणि कधी पहिला एक्स-रेसुद्धा चुकवतो. जांघेतलं दुखणं आणि उभं राहता न येणं एवढ्यावरही तपासणी हवीच.

मंगळवारी साडेबाराला तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे झाला. तीस तास. निदान स्पष्ट होतं: मोड खुब्याच्या गोळ्याच्या मानेत नव्हती, तिच्या खाली दोन उंचवट्यांच्या मधल्या भागात होती. हा फरक पुढे खर्चाला आणि वेळेला नडतो. मानेतली मोड सरकलेली असेल तर वयस्कर माणसात बहुतेकदा गोळा बदलतात. खालच्या मोडीत गोळा तसाच ठेवून हाडाच्या पोकळीतून रॉड घालतात, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी चालू एक्स-रे दाखवणारं सी-आर्म यंत्र लागतं. म्हणजे ‘हाडांचे डॉक्टर आहेत का’ एवढं विचारून भागत नाही. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सी-आर्म आणि योग्य मापाचा रॉड ही चारही एकाच दिवशी आहेत का, हे विचारावं लागतं.

त्यानंतरचे नऊ तास मात्र कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. निदान झालं, रेफरची चिठ्ठी हातात आली आणि कुटुंब बसून राहिलं. थोरला मुलगा वाटेत होता. तो फोनवर म्हणत होता मुंबईला आणा. वाडीतले म्हणत होते बांबोळी. कुणी कोल्हापूर सुचवलं, कुणी बेळगाव. रात्री साडेनऊला गाडी निघाली ती गोव्याकडे, आणि निर्णयाचं खरं कारण एवढंच की गोव्यात एक भाचा नोकरीला होता. अशा कारणाला हसायचं काम नाही. रुग्णाजवळ रात्री थांबायला, औषध आणायला, रक्त द्यायला माणूस असणं ही मोठी गोष्ट आहे. पण ते दुपारी एकलाही ठरवता आलं असतं.

मुंबईबद्दल एक वाक्य पुरे: मोडलेला खुबा न बांधता पाचशे किलोमीटर, तेही चतुर्थीच्या रहदारीत, हा पर्याय नाही.

दीड तासात गाडी पोचली. रात्री अकरा. इथे पलीकडच्या मोठ्या रुग्णालयाची जमेची बाजू दिसते. कॅज्युअल्टी जागी, हाडांचे निवासी डॉक्टर हजर, तासाभरात तपासणी. वॉर्डात खाट मिळेपर्यंत मात्र पहाटेचे साडेतीन वाजले. त्यातला बराच वेळ एक्स-रे पुन्हा काढण्यात गेला. तालुक्याचा एक्स-रे व्हॉट्सॲपवरचा फोटो होता. त्यावर नाव नीट वाचता येत नव्हतं, डावी-उजवी खूण कापली गेली होती, आणि फक्त खुबा दिसत होता. रॉडची लांबी ठरवायला गुडघ्यापर्यंतची मांडी लागते. डॉक्टरांनी पुन्हा काढायला लावलं ते बरोबरच केलं. मूळ फिल्म किंवा सीडी सोबत असती, दोन्ही खुबे एकत्र आणि पूर्ण मांडी असे दोन एक्स-रे आधीच झाले असते, तर ही फेरी वाचली असती.

पुढचे साडेछत्तीस तास गेले ‘फिटनेस’मध्ये, म्हणजे भूल झेपेल का हे ठरवण्यात. ईसीजीत जुना बदल दिसला, भूलतज्ज्ञांनी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयाच्या डॉक्टरांचं मत मागितलं. बुधवारी चतुर्थी. इको झाला गुरुवारी, मत मिळालं चार वाजता, आणि मत काय? चालेल, जोखीम सांगून करा. असल्या प्रकरणांत बहुतेकदा हेच मत येतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. हृदय धड नसलेल्या माणसाचा खुबा मोडला तरी शस्त्रक्रिया टाळून हृदय सुधारत नाही. उलट आडवं पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, पायात गुठळी होते, पाठीला जखम पडते. इंग्लंडची ‘नाइस’ ही संस्था २०११पासून सांगते आहे की शस्त्रक्रिया दाखल झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, आणि थांबायचं ते लगेच दुरुस्त होण्यासारख्या कारणासाठी: फार कमी हिमोग्लोबिन, बिघडलेले क्षार, ताब्यात नसलेली साखर, भरधाव किंवा अनियमित ठोके, छातीतला संसर्ग, रक्त गोठू न देणारं औषध. नवीन दम लागणं, छातीत दुखणं किंवा पूर्वी न तपासलेला मोठा मर्मर (हृदयाच्या ठोक्यांतला जादा आवाज) असेल तर इको खरोखर निर्णय बदलतो. जुन्या ईसीजीतला जुनाच बदल असेल तर सहसा नाही.

मग जुना ईसीजी का दाखवला नाही? तो घरी कपाटात होता. चार वर्षांपूर्वीची डिस्चार्जची फाईल, त्यातला ईसीजी आणि इको, तिन्ही. भूलतज्ज्ञाला नवा बदल आणि जुना बदल यांत फरक करायला दुसरं साधन नसतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचाही इथे घोटाळा होतो. घरच्यांनी ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ एवढंच सांगितलं. ॲस्पिरिन असेल तर शस्त्रक्रिया थांबवत नाहीत. क्लोपिडोग्रेल असेल तर पाठीत सुई देऊन भूल द्यायची की पूर्ण भूल, हा प्रश्न येतो, पण त्यासाठी आठवडा थांबायची पद्धत आता मागे पडली आहे. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासून व्हिटॅमिन के द्यावं लागतं. तीन गोळ्या, तीन वेगळे रस्ते. गोळीची रिकामी पट्टी खिशात असती तर निदान हा प्रश्न रात्रीच मिटला असता.

गुरुवारी दुपारी चारपासून शुक्रवारी अकरापर्यंत १९ तास: रॉड, रक्ताची पिशवी आणि पैशाचा कागद. हद्दीचा प्रश्न खरा इथे येतो.

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ची, पाच वर्षं किंवा अधिक गोव्यात राहणाऱ्यांसाठी. जानेवारी २०१८पासून बांबोळीत आणि गोव्याच्या जिल्हा रुग्णालयांत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क सुरू झालं. त्यावर दोडामार्ग-सावंतवाडीत आंदोलन पेटलं आणि महाराष्ट्राच्या योजनेत बांबोळी बसवायची बोलणी झाली. हा राग समजण्यासारखा आहे, पण रागाच्या भरात एक गोष्ट निसटते: गोवा आपल्या करदात्यांच्या पैशातून रुग्णालय चालवतो, आणि शेजारच्या जिल्ह्याच्या रुग्णाचं बिल कुणी द्यायचं हा दोन सरकारांमधला प्रश्न आहे. तो खिडकीवर बसलेल्या कारकुनाशी भांडून सुटत नाही.

महाराष्ट्राच्या बाजूला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली. निर्णय २०२३चा, अंमल १ जुलै २०२४पासून. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. मात्र वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे हा निर्णय आपोआप लागू होत नाही. बाईंसाठी तिसरा कागदही होता: वय ७० किंवा जास्त असणाऱ्यांना ऑक्टोबर २०२४पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड. उत्पन्नाची अट नाही, मर्यादा ५ लाख, आणि देशात कुठल्याही जोडलेल्या रुग्णालयात चालावं अशी रचना. हद्दीवरच्या म्हाताऱ्या माणसासाठी यापेक्षा उपयोगी कागद नाही, आणि तो काढलेलाच नव्हता.

वॉर्डात बसून काढायला गेले तर काय झालं? आधारला जोडलेला मोबाईल नंबर थोरल्या मुलाचा जुना, बंद पडलेला. ओटीपी येईना. बोटांचे ठसे घ्यायला गेले तर जन्मभर काजू सोललेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत, यंत्र तीनदा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणालं. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय ॲपमध्ये असते, पण ती करणाऱ्याला माहीत हवी आणि वॉर्डात नेट हवं. शेवटी रॉडचे पैसे भरले.

कार्ड असतं तरी दोन प्रश्न विचारावेच लागले असते, आणि हे हद्दीच्या दोन्ही बाजूंना लागू: हे रुग्णालय योजनेला जोडलेलं आहे का, आणि या शस्त्रक्रियेसाठी जोडलेलं आहे का. दारावर योजनेचा फलक असतो, हाडांचा विभाग त्यात नसतो, असं होतं. काही शस्त्रक्रिया योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. फुले योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ वर गाडी सुटायच्या आधी विचारता येतं. आणीबाणीत फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची आणि कागद मागाहून देण्याची सोय फुले योजनेत आहे. आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, ती आठवण करून द्यावी लागते, एवढंच.

शेवटचे साडेतेवीस तास. शुक्रवारी बाई शस्त्रक्रियेच्या लिस्टवर होत्या. रात्री बारापासून उपाशी. दुपारी महामार्गावरच्या अपघातातला एक तरुण आला, हाड बाहेर आलेलं. तो आधी गेला, जायलाच हवा होता. पाचला सांगितलं, आज नाही. तोवर सतरा तास पोटात अन्न नाही, पाणी नाही. म्हातारं शरीर एवढ्यात कोरडं पडतं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरचे घाबरतात, डॉक्टर नवीन तपासणी लिहितात, आणि आणखी वेळ जातो. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हा भूलशास्त्रातला रूढ नियम आहे. ‘लिस्टवर कितवा नंबर, पाणी कधीपर्यंत देऊ’ हे नर्सबाईंना विचारायला लाजू नये. आणि आज होणार नाही असं कळलं की त्या क्षणी जेवू घालावं.

आता घड्याळाकडे. बाई पडल्यापासून १२४ तास. पहिल्या आरोग्य केंद्रापासून मोजलं तर ९७. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या दारापासून साडेत्र्याऐंशी. एकच रुग्ण, तीन आकडे, तिन्ही खरे. ओरोसची बाजू घेणारा १२४ सांगेल, गोव्याची घेणारा साडेत्र्याऐंशी.

एकमेकांशेजारच्या दोन देशांतही हेच होतं. इंग्लंडमध्ये खुब्याच्या मोडीसाठी ३६ तासांचा मापदंड आहे. आयर्लंडमध्ये ४८ तासांचा, आणि तोही कामाच्या वेळेत शस्त्रक्रिया व्हावी या अटीसह. दोन्हीकडे राष्ट्रीय नोंदवही आहे, पण टक्केवारी शेजारी शेजारी ठेवून ‘कोण पुढे’ म्हणणाऱ्याने मोजपट्टीच वेगळी आहे हे विसरू नये. ३६ तासांत न बसलेला इंग्लंडमधला रुग्ण ४८च्या मापाने वेळेत धरला जाऊ शकेल. आणि घाई तासांची किती, दिवसांची किती? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिप-अटॅक या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातली केंद्रंही होती, निदानानंतर सुमारे सहा तासांत आणि सुमारे चोवीस तासांत शस्त्रक्रिया झालेल्या गटांच्या मृत्युदरात फरक दिसला नाही. लवकर केलेल्यांत बुद्धिभ्रम कमी होता, माणसं लवकर उठली. म्हणजे मध्यरात्री जीव धोक्यात घालून घाटातून गाडी पळवायची गरज नाही. पाचवा दिवस उजाडू देणं हे मात्र वेगळं प्रकरण.

हद्दीबद्दल शिकण्यासारखं आहे ते आयर्लंडच्या वायव्य टोकाकडून. डोनेगल हा परगणा आयर्लंडचा, आणि हद्दीपलीकडचं जवळचं मोठं रुग्णालय, डेरीचं अल्टनागेल्विन, युनायटेड किंग्डममध्ये. २०१६पासून डोनेगलचे कर्करोगाचे रुग्ण किरणोपचारासाठी तिथे जातात. केंद्र उभारायला आयर्लंड सरकारनेही पैसे दिले. हृदयविकाराच्या झटक्यातली तातडीची अँजिओप्लास्टीही तिथे होते. उलट उत्तर आयर्लंडमधली मुलं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी डब्लिनला जातात. तिथे देश वेगळे, चलन वेगळं, तरी कुठल्या आजाराचा रुग्ण कुठे जाणार आणि पैसे कोण देणार हे रुग्ण आजारी पडण्याआधी ठरलेलं असतं. आपल्याकडे राज्यं दोन, देश एक, आणि ते ठरतं भाचा कुठे नोकरीला आहे त्यावर.

मग या बाईंना कुठे न्यायला हवं होतं? आमचं मत: मंगळवारी दुपारी एकला तालुक्याच्या डॉक्टरांकडून जिल्ह्याला आणि पलीकडे असे दोन फोन करून घ्यायचे, आणि ‘उद्याच्या किंवा परवाच्या लिस्टवर रॉड होईल का’ याला जिथून हो येईल तिथे. सुट्टीच्या आठवड्यात हे उत्तर कुठल्याही बाजूने येऊ शकतं. डोक्याला मार, एकाहून जास्त मोडी किंवा किडनी-हृदयाची मोठी गुंतागुंत असेल तर सगळे विभाग एका छताखाली असलेलं बांबोळी, फोनची वाट न बघता. नुसता खुबा, बाकी तब्येत ठीक, तर जिल्ह्यात होत असल्यास जिल्ह्यातच, कारण नंतरचे दोन महिने घर जवळ असण्याला फार किंमत आहे.

नेताना उताणं, दोन पायांमध्ये उशी, दोन्ही पाय एकमेकांना रुंद कापडाने बांधलेले. रिक्षात किंवा गाडीच्या सीटवर बसवायचं नाही. निघण्याआधी दुखण्याचं इंजेक्शन आणि लघवीची नळी मागून घ्यावी. १०८ला फोन करताना हद्दीजवळच्या गावात मोबाईल पलीकडचा टॉवर पकडतो आणि फोन दुसऱ्या राज्याच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून पहिल्या वाक्यात गाव, तालुका आणि राज्य. सोबत रक्त देऊ शकणारी दोन माणसं, आणि त्यांनी जेवून यावं.

घरी परतताना डिस्चार्ज कार्डावर कुठला रॉड, किती लांबीचा, कुठल्या कंपनीचा हे लिहून घ्यावं, रॉडच्या पाकिटावरचा स्टिकर चिकटवून घ्यावा. टाके दोन आठवड्यांनी सावंतवाडीत किंवा बांद्यातही निघतात, सहा आठवड्यांचा एक्स-रे जिल्ह्यात होतो. त्यासाठी पुन्हा हद्द ओलांडायची गरज नसते, फक्त पायावर किती भार द्यायचा हे स्पष्ट लिहिलेलं हवं. बहुतेक रॉडनंतर दुसऱ्या दिवसापासून वॉकर धरून उभं करतात. ‘हाड जुळेपर्यंत खाटेवर’ असं घरच्यांनी परस्पर ठरवलं की रॉडचा अर्धा फायदा गेला. आणि हाडं ठिसूळ झाल्याचं औषध, म्हणजे कॅल्शियम-ड जीवनसत्त्वापुढचं, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं किंवा आठवड्याच्या गोळीचं, डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा नसतंच. ते विचारून लिहून घ्यावं. एक खुबा मोडलेल्याचा दुसरा मोडण्याची शक्यता इतरांहून जास्त असते.